दोन मिनिटांचं काम

"नाव बदलायचं व्हय? दोन मिनिटांचं काम!" असं म्हणून शामूनं कॉलर ताठ केली, आणि निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत कुणाचा माल कुठला ते कुणाला कळेना.

शामू खानापूरचा. बेळगावात कॉम्प्युटर शिकला, आणि अठ्ठ्याऐंशी साली वखारीनं मशीन घेतलं तेव्हा त्यावर बसला. कुणाचे बोद, म्हणजे तंबाखूची पोती, कुठल्या कोपऱ्यात आहेत ते त्यानं मशीनमध्ये भरलं होतं. प्रत्येक नावाला एक कप्पा. नावं मष्णू हमालानं सांगितली तीच: झोप्या मायाप्पा, बोंबल्या मायाप्पा, भांडकुदळ शेवंता. व्यापारी आले की मष्णू मशीनकडं बघून माइकवरून पुकारायचा.

आता बोरगावच्या शेवंताबाईंची लेक मालू शामूच्या मनात भरली होती. आणि शेवंताबाई माल घेऊन आल्या त्याच दिवशी मष्णूचा आवाज चांगला लागला होता: "भांडकुदळ शेवंताऽऽ!" शेवंताबाई थेट मशीनपाशी आल्या.

"कुणी घातलं रं हे नाव?"

"मावशी, बदलतो की. सगळ्यांचीच बदलतो!"

शामूनं मशीनमध्ये युक्ती लिहिली: टोपणनाव गाळायचं, उरलेल्या नावाखाली माल तसाच ठेवायचा. शेवंतापुढं तेवढं त्यानं मानानं 'बाई' लावलं. झोप्या मायाप्पा नुसता मायाप्पा झाला. मग बोंबल्या मायाप्पाही मायाप्पा झाला आणि पहिल्याच्याच कप्प्यात जाऊन बसला. एका नावाला एकच कप्पा. पहिल्याचा माल मशीनमधून पुसला गेला.

झोप्या मायाप्पा डोळे चोळत आला. "माझा माल कुठं हाय?"

"आप्पा, मशीनमध्ये न्हाय."

"मशीनमध्ये मी ठेवलाच न्हवता. वखारीत ठेवलाय!"

बोंबल्या मायाप्पाचा माल जागेवर होता. तरी तोही बोंबलला, सवयीनं.

तिकडं मष्णू घसा ताणत होता, "शेवंताबाईऽऽ!" कुणी उठलं नाही. शेवंताबाई लिंबाखाली पान चघळत बसून राहिल्या. व्यापारी निघून गेले, मग त्या तरातरा आत आल्या.

"माझी पाळी कवा?"

"मावशी, कितींदा पुकारलं! शेवंताबाई, शेवंताबाई..."

"ती मी व्हय? आमच्या मालकांनी बी मला कधी बाई म्हटलं न्हाय! आन् त्या जुन्या नावाला भिऊन व्यापारी वजनकाट्याला हात लावत न्हवते. माझं भांडकुदळ परत घाल, मग मालूचं बघू."

शामूनं मष्णूला घेऊन वखार पालथी घातली, पुसलेला माल शोधून मशीनमध्ये भरला आणि जुनी नावं परत बसवली. पण दोन मायाप्पांतला झोपतो कुठला आणि बोंबलतो कुठला, हे खानापूरच्या माणसाला काय ठाऊक? उलटी बसली.

"आदलाबदल कर की रं," मष्णू म्हणाला.

"तसं न्हाय गा. ह्याला त्याचं नाव दिलं की तो पुसला जातोय."

शामू आता शहाणा झाला होता. एकाला तात्पुरतं तिसऱ्याच नावाखाली ठेवायचं, दुसऱ्याला हलवायचं, मग पहिल्याला जागेवर आणायचं. तिसरं नाव पटकन कुठलं सुचणार? त्यानं ठोकलं: झोप्या शामू. एवढं डिस्कवर उतरलं आणि वीज गेली. वाट बघून शामू घरी गेला.

सकाळी तो यायच्या आत मष्णूनं मशीन लावलं. शामू फाटकात सायकल टेकवतोय तोवर माइक गरजला, "झोप्या शामूऽऽ!"

"आलो, आलो!" शामू पळत सुटला.

अख्खं आवार हसलं. लिंबाखालून शेवंताबाई उठल्या.

"अगं बया, नाव बी पडलं की! आता गावचा झालास बघ. आमच्यात बिननावाच्याला कोण पोरगी देतंय? सोयरीक पक्की!"

शामू फार खूश होता. पत्रिका शेवंताबाईंनी परस्पर छापखान्यात सांगितली. ती छापून आली: 'चि. झोप्या शामू'. शामू सायकल मारत छापखान्यात गेला.

"नाव बदलायचं व्हय?" छापखानेवाला म्हणाला. "एकच शब्द काढायचाय न्हवं? दोन मिनिटांचं काम!"

त्यानं एक शब्द काढला. नव्या पत्रिका वाटून झाल्यावर शामूनं एक उघडून वाचली. त्यावर 'चि. झोप्या' होतं.