बर्फाची लिफ्ट

नदी सर्वांची असते, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते नदीपर्यंत पोचायचे कसे, या किरकोळ मुद्द्यावर. काठ म्हटला की पायऱ्या आल्या, आणि त्या पायऱ्या ज्यांनी बांधल्या त्यांचे गुडघे बांधकामाच्या वेळी शाबूत होते, एवढेच आजवरच्या इतिहासावरून सिद्ध होते.

हा अन्याय दूर करण्याचा विडा ज्या जलप्रवास कंपनीने उचलला आहे, तिचे आभार मानावेत तितके थोडे. तिच्याच बोटीतून मी माझ्या आत्याला घेऊन नदीची सफर करून आलो. कंपनीच्या माहितीपत्रकावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका हसऱ्या बाईंचा फोटो आहे आणि खाली लिहिले आहे, ‘अडथळ्याविना नदी’. (फोटो नीट पाहिला तर लक्षात येते की बाई धक्क्यावर आहेत आणि बोट मागे निघून चालली आहे. पण हसू अस्सल आहे.)

आत्या म्हणजे निवृत्त भूगोल-शिक्षिका. खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून घरात वॉकर आणि बाहेर चाकाची खुर्ची, अशी तिची वाहतूक व्यवस्था आहे. उभी हयात तिने मुलींना हीच नदी शिकवली, भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून. ‘इथे दोन नद्या मिळतात. एकीचं पाणी हिरवं, दुसरीचं तांबडं. मिळाल्यावरही बरंच अंतर दोन्ही पाणी मिसळत नाही, शेजारी शेजारी वाहतं.’ एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तुम्ही बघितलंय?’ त्यावर आत्याने, ‘पुढचं लिहून घे,’ असे उत्तर दिले. शिक्षण खात्याच्या दृष्टीने ते पुरेसे होते. आत्याला मात्र ते अजून पुरलेले नाही.

‘मला तो संगम माझ्या डोळ्यांनी बघायचाय,’ ती मला म्हणाली. ‘मी त्या पोरींना खरं सांगितलं की थापा मारल्या, ते एकदा कळू दे. मग तुम्ही मला बसवाल तिथे बसेन.’

मी तिचा भाचा. माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. कंपनीच्या भाषेत मी ‘सोबती नातलग’ होतो आणि माझे कर्तव्य खुर्ची ढकलणे व बाकी वेळी हजर असणे, हे होते. त्यातले दुसरे मी चोख बजावले.

बोटीच्या दारात सुलभता अधिकाऱ्याने आमचे स्वागत केले. फार सालस माणूस. छातीवर बिल्ला, चेहऱ्यावर सहानुभूती आणि दोन्ही इस्त्रीची. त्याने लगेच सोयी समजावून सांगितल्या. न्हाणीघरात आधारासाठी दांडी बसवलेली होती, आणि ती अशा उंचीवर होती की आधाराशिवाय उभे राहता येणाऱ्याला ती सहज धरता यावी. खोलीत खुर्ची वळवण्यासाठी मोकळी जागा राखलेली होती. ती फार ओकीबोकी दिसू नये म्हणून तिथे सोफा ठेवलेला होता. मदतीची घंटा होती. ती वाजायची, आणि वाजली की कुणीतरी येऊन ती बंद करून जायचे.

‘लिफ्ट सगळीकडे जाते,’ अधिकारी म्हणाला.

‘वरच्या डेकवर?’ आत्याने विचारले. संगम दिसतो तो वरूनच. खालच्या खिडक्यांतून फक्त काठ दिसतो, हे तिने घरूनच वाचून ठेवले होते.

‘तिथे जिना आहे.’

‘मग सगळीकडे कशी जाते?’

‘वरचा डेक ‘सगळीकडे’मध्ये धरलेला नाही, बाई.’

‘मग चौघांनी मला खुर्चीसकट उचला. स्वयंपाकघरात पोरं चांगली दणकट दिसतायत.’

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. कंपनीचे प्रतिष्ठा धोरण त्याला तोंडपाठ होते. प्रवाशाला उचलणे म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेला धक्का. (खाली ठेवणे म्हणजे दुसरा धक्का.)

‘माझी काही हरकत नाही रे,’ आत्या म्हणाली.

‘तुमच्या हरकतीचा प्रश्न नाही, बाई. प्रतिष्ठा तुमची असली तरी जपायची आम्हाला आहे.’

आत्याने आधारासाठी माझ्याकडे पाहिले. मला हे धोरण मनापासून पटले होते. मी स्वतः कितीतरी वर्षे एका मोठ्या कार्यालयाच्या तक्रार विभागात काढली आहेत. माणसाला काहीही न देता त्याचा मान राखणे किती कष्टाचे असते, ते मला ठाऊक आहे.

पुढे बोट पहिल्या शहराच्या धक्क्याला लागली. लागली म्हणजे धक्क्याला दुसरी बोट लागलेली होती, तिला तिसरी, आणि तिसरीला आमची. नदीवर ही जुनीच पद्धत आहे. जागा कमी आणि बोटी जास्त, म्हणून काठावर जायचे तर शेजाऱ्यांच्या बोटींतून आरपार जावे लागते. प्रत्येक बोटीला उंबरा, आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी त्या बोटीचा सुलभता अधिकारी, सहानुभूतीसह. आत्याची खुर्ची पहिल्याच उंबऱ्यावर अडली.

पण कंपनी हात झटकणाऱ्यांतली नव्हती. अशाच प्रसंगांसाठी तिने ‘वतीने दर्शन’ ही योजना काढली होती. ज्यांना उतरता येत नाही त्यांच्या वतीने बोटीवरचा एक कर्मचारी शहर पाहून येतो आणि तोंडी अहवाल देतो. आत्याच्या वाट्याला कपडेधुलाई विभागातला एक उदास माणूस आला. बोटीवर त्याला सगळे ‘वतीवाला’ म्हणू लागले. त्याला शहरांची आवड नव्हती. चादरींची होती.

पहिल्या दिवशी तो घड्याळाचा जुना मनोरा पाहून आला. ‘छान होता,’ त्याने अहवाल दिला.

‘छान म्हणजे?’

‘म्हणजे उंच.’

‘घड्याळात किती वाजले होते?’

‘बघितलं नाही, बाई.’

‘परत जा.’

तो पुन्हा दोन बोटी ओलांडून गेला आणि घामाघूम होऊन आला. ‘बंद पडलंय,’ तो म्हणाला. आत्याने मान डोलावली. माणूस खरोखर जाऊन आला होता, एवढे तरी सिद्ध झाले.

दोनचार शहरांत वतीवाला तयार झाला. बाजारात कुठल्या भाजीवर माश्या जास्त होत्या, पुलाचे कठडे कुठून कुठे नवे आहेत, देखण्या इमारतीच्या मागल्या बाजूला कुणी काय वाळत घातले आहे (हे तर तो फार बारकाईने सांगे), सगळे तो पाहून येऊ लागला. संध्याकाळी त्याचा अहवाल ऐकायला दिवाणखान्यात गर्दी जमू लागली. ज्यांनी स्वतः शहर पाहिले होते, त्यांनाही त्याच्याकडून ऐकल्यावरच आपण काय पाहिले ते कळे.

आणि इथेच काहीजणांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाश्त्याला व्यायामाचे कपडे घालून येणारे एक जोडपे होते. त्यांनी अधिकाऱ्याला गाठले. ‘ही सोय फक्त त्यांनाच का? आम्हाला चालता येतं, हा काय आमचा गुन्हा आहे?’

प्रश्न बिनतोड होता. भेदभाव कंपनीच्या रक्तातच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ‘वतीने दर्शन’ सर्वांना खुले झाले. आकडेवारीच सांगायची तर योजनेपूर्वी शंभरातले ऐंशी प्रवासी ऊन, चढ, कबुतरे आणि एकमेकांबद्दल तक्रार करीत. योजनेनंतर फक्त एकमेकांबद्दल. समाधानाचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेले, कारण काहीजणांनी दोनदा कळवले. आत्याला एकटे वाटू नये म्हणून मीही नाव नोंदवले. माझ्या वतीने पाहायला भांडी विसळणारा एक गृहस्थ मिळाला.

एकच अडचण आली. सगळे कर्मचारी शहर पाहायला गेल्यामुळे बोटीवर चहा द्यायला कुणी उरले नाही. तो शोधत धडधाकट प्रवाशांना या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके हिंडावे लागले की तेवढ्यात शहर पाहून झाले असते. त्याबद्दल तक्रार करावी, तर ऐकून घेणारा अधिकारी व्यायामवाल्या जोडप्याच्या वतीने किल्ला चढत होता.

असे करता करता संगमाचा दिवस उजाडला.

अधिकारी सकाळीच आत्याकडे आला. ‘काळजी करू नका, बाई. वतीवाला वर जाईल. तुम्हाला सगळं रंगासकट सांगेल.’

‘नको,’ आत्या म्हणाली. ‘घड्याळ, बाजार, किल्ला, सगळं दिलं त्याला. हे देणार नाही.’

मी तिची समजूत घातली. ‘आत्या, तो आता खरंच चांगलं बघतो.’

तिने माझ्याकडे पाहिले. वही घरी राहिली असे सांगणाऱ्या मुलीकडे ती अशीच पाहत असणार. मग ती रडली. आवाज न करता, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत. अधिकारीही गडबडला, कारण रडण्याबद्दल धोरणात काही नव्हते. मला वाईट वाटले, आणि मी ते तिला तसे सांगितलेही.

तेवढ्यात दिवाणखान्याच्या कोपऱ्यातले एक पोलादी दार उघडले. आतून वतीवाल्याने रिकामी हातगाडी ओढून काढली, तिच्यावर बर्फाची भली मोठी पेटी चढवली आणि गाडी पुन्हा आत ढकलली. दार मिटले. घरघर आवाज वर वर गेला.

आत्याने डोळे पुसले. ‘हे कुठे गेलं?’

‘वरच्या डेकवर. ती बर्फाची लिफ्ट आहे,’ अधिकारी म्हणाला. ‘वर सरबताचा बार आहे ना.’

‘बर्फाला लिफ्ट?’

‘बर्फाला जिना चढता येत नाही, बाई.’

‘मलाही येत नाही.’

‘हो. पण बर्फाचा विचार बोट बांधतानाच झाला होता.’

तो हे अगदी सरळपणे म्हणाला. त्याच्या मनात पाप नव्हते. त्या लिफ्टने प्रवाशांना नेण्यास मनाई आहे, तिच्यातून फक्त सामान जाते, हेही त्याने तितक्याच सरळपणे सांगितले.

‘मग मला सामान म्हणून पाठव,’ आत्या म्हणाली.

अधिकारी विचारात पडला. मी त्याच्या चेहऱ्यावर धोरणाची पाने उलटताना पाहिली. उचलायचे नव्हते, ढकलायचे होते. प्रवासी नव्हे, सामान. आणि सामानाला प्रतिष्ठा नसते, त्यामुळे धक्का बसण्याचा संभवच नव्हता. त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणाला तरी मदत करता येणार होती.

त्याने स्वतः चिठ्ठी आणली आणि आत्याच्या गळ्यात घातली. ‘नाजूक. ही बाजू वर. ओलाव्यापासून जपा.’ लिफ्टची फेरी एकट्या नगासाठी काढता येत नाही, म्हणून मांडीवर बर्फाची एक बादलीही दिली. खुर्ची आत गेली. आत्या ताठ बसली होती. दार मिटले आणि घरघर वर गेली.

आमच्या वतीने पाहणारे सगळे जिन्याने वर गेले होते. आम्ही बाकीचे खाली होतो. ऊन डोळ्यांवर येत असल्यामुळे पडदे ओढून घेतले होते. गाद्या मऊ होत्या. बोटीने भोंगा दिला. वर पावले वाजली, सगळी एकाच बाजूला धावली, आणि मग बराच वेळ काहीच वाजले नाही. व्यायामवाला म्हणाला, ‘काहीतरी दिसलेलं दिसतंय.’ आम्ही वाट पाहत राहिलो.

वतीवाले खाली आले. माझ्या भांडीवाल्याने अहवाल दिला, ‘पाणी होतं. भरपूर.’ दिवाणखान्यात टाळ्या पडल्या. आत्याच्या वतीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, ‘मी कुठे बघितलं? मी बाईंची खुर्ची धरून उभा होतो.’ पण तो हसत होता, आणि त्याला हसताना आम्ही प्रथमच पाहत होतो.

आत्या शेवटच्या फेरीने उतरली. केस विस्कटलेले, मांडी ओली, बादलीत नुसते पाणी. मी धावत जाऊन खुर्ची धरली.

‘आत्या, खरं होतं का गं? मिसळत नाही ना पाणी?’

‘तू कुठे होतास?’

‘इथेच. तुझी वाट बघत.’

‘जिना बंद होता?’

‘नाही.’

‘पाय दुखत होते?’

‘नाही.’

तिने गळ्यातली चिठ्ठी काढली, मला खाली वाकायला लावले आणि माझ्या गळ्यात घातली. त्यानंतर संगमाबद्दल ती माझ्याशी आजतागायत एक अक्षर बोललेली नाही. घरी आल्यावर मात्र तिने जुन्या शाळेतून मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा फोन नंबर मिळवला आणि दार लावून घेऊन तिच्याशी बराच वेळ बोलली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

आता पाणी मिसळते की नाही, हे तुम्हालाही जाणून घ्यायचे असणार. हक्कच आहे तुमचा. पहिल्या ओळीपासून तुम्ही जिथे बसला आहात तिथून हललेला नाहीत, आणि तुमच्या वतीने मी सबंध नदी फिरून आलो आहे. तुमची गणना समाधानी प्रवाशांत झाली आहे, आणि तुमच्या मापाची एक चिठ्ठीही बाजूला काढून ठेवली आहे. राहिला तो अहवाल. संगम छान होता.