बगदादची लोकशाही धसईमार्गे

मुरबाड तालुक्यात वादविवादात मला हरवील असा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, दोन हजार तीन सालच्या आमच्या जयंतीच्या पत्रिकेत छापलंय. पत्रिकेखाली अध्यक्ष म्हणून सही माझीच होती, ही गोष्ट वेगळी.

मी बुद्धभूषण. मुरबाडला एका कंपनीत टाइमकीपर. कॅन्टीनमध्ये तीन पेपर येतात आणि तिन्ही मी जेवणाच्या सुट्टीत पाठ करतो. त्यामुळे धसईच्या पलीकडच्या आमच्या गावात परराष्ट्र धोरण हे खातं आपोआप माझ्याकडे. जयंती मंडळाचं अध्यक्षपदही असंच आपोआप अकरा वर्षं माझ्याकडे होतं. चौदा एप्रिलला अध्यक्षाने बाबासाहेबांच्या प्रतिमेला पहिला हार घालायचा आणि मिरवणुकीत ट्रॅक्टरवर प्रतिमेशेजारी उभं राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी तर मी खास ट्रॅक्टरसाठी पांढरा सफारी शिवून घेतला होता!

त्याच आठवड्यात अमेरिकी फौजा बगदादेत शिरल्या आणि तिथल्या हुकूमशहाचा पुतळा पडताना सगळ्या गावाने टीव्हीवर पाहिला. मी लगेच तेरा तारखेला, रविवारी दुपारी, मांडवात वादविवाद ठेवला. विषय : अमेरिकेने दुसऱ्या देशात जाऊन लोकशाही आणावी का? परीक्षक धसईचे निवृत्त महिपत गुरुजी. मी बाजूने, महादू विरोधात. महादू एसटीत कंडक्टर. त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण म्हणजे ‘पुढं सरका’. त्याला मी मुद्दामच निवडला होता.

महादू उठला. म्हणाला, “मी येवढंच इचारतो, त्यांना बोलावलं कोनी?”

आणि बसला!

मी मात्र पंचवीस मिनिटं बोललो. अमेरिकेचा डोळा तेलावर आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? पण बाजू घेतली म्हणजे घेतली! “मित्रहो,” मी गरजलो, “जिथे एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नाही, निवडणूक घेत नाही, जिकडेतिकडे स्वतःचेच फोटो लावतो, तिथे बाहेरून कुणीतरी येऊन त्याला खाली ओढलंच पाहिजे! आणि ओढल्यावर पुनर्बांधणीही केली पाहिजे!”

टाळ्या! थांबता थांबेनात! मलाच नवल वाटलं. मग लक्षात आलं, लोक माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागच्या बॅनरकडे बघत होते. बॅनरवर चार फोटो होते. एक बाबासाहेबांचा, तीन माझे.

पहिल्या रांगेतून गोजाआत्या उठली. वय पंच्याहत्तर, आवाज वीस वर्षांचा.

“भूषण, आपल्या मंडलाची इलेक्शन कधी झाली रे?”

“आत्या, आपलं मंडळ म्हणजे घरचंच. सगळ्यांची संमतीच असते.”

“त्या पुतल्यावाल्याला बी असंच वाटत असंल!”

मांडव खदखदला. गुरुजींनी माइक घेतला. “भूषणराव, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. निवडणूक आत्ताच घेऊ. मी निरीक्षक.”

घाबरलो की माझी पेपरातली भाषा गळून पडते. “गुरुजी, हा आमच्या गावचा अंतर्गत प्रश्न हाय! तुमी धसईचे. आमचं आमी बघू. तुमाला बोलावलं कोनी?”

गुरुजींनी शांतपणे खिशातून पत्रिका काढली. “तुम्हीच. ही काय सही.”

मागून महादू ओरडला, “ओ, तो मुद्दा माझा हाय!”

पण माझ्याविरुद्ध उभं कोण राहणार? अकरा वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. आत्याने मांडवाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडत माझी बायको बसली होती. रत्नप्रभा!

“मी? मना कशाला गो आत्या?”

“अकरा वरसं मांडव कोन झाडतंय? खीर कोन करतंय? का अमेरिका येते?”

रत्नप्रभाने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी तर हसूनच परवानगी दिली. बायको विरोधात म्हणजे बिनविरोधच की!

पडद्यामागे दोन पातेली ठेवली. एकापुढे निशाणी म्हणून माझं पेन, दुसऱ्यापुढे तिचा खिरीचा डाव. प्रत्येकाला वालाचा एकेक दाणा. माझी पाळी आली तेव्हा मला मोठेपणा सुचला. थोर नेते प्रतिस्पर्ध्यालाच मत देतात, असं मी कॅन्टीनमध्ये वाचलं होतं. बिचारीच्या पातेल्यात एक तरी दाणा पडावा, म्हणून माझा तिकडे टाकला.

गुरुजींनी तिचं पातेलं ओतलं. एकशे बारा! माझं ओतायची गरजच पडली नाही. नुसता हात घातला.

“एक!”

“फेरमोजणी!” मी ओरडलो.

गुरुजींनी तो एक दाणा पुन्हा मोजला. मग जाहीर केलं, “वादविवादात मात्र पहिला नंबर भूषणरावांचाच. दोन्ही बाजूंनी!”

“आनि ती फुनर्बांधनी रे?” आत्याने विचारलं. नव्या अध्यक्षांनी लगेच पहिला हुकूम काढला. खिरीची भांडी माजी अध्यक्ष घासतील.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर पांढरी साडी उभी होती आणि मोरीपाशी पांढरा सफारी बसला होता. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण काय सुरेख दिसत होती हो ती वर! येणारा-जाणारा माझ्या कानाशी वाकायचा. “दादा, ते एक मत माझंच हां! कोनाला बोलू नका.” तेवीस जणांनी हेच सांगितलं. त्यात महादू होता. आत्या होती. धसईचे गुरुजी तर मतदारही नव्हते! मी तेविसांचेही आभार मानले.

संध्याकाळी रत्नप्रभा शेजारी येऊन भांडी विसळायला लागली. मी म्हटलं, “लोक किती खोटं बोलतात गं! एका मताचे तेवीस मालक.”

ती हसली. “ते माझं व्हतं. म्हटलं, तुमच्या पातेल्यात एक तरी दाना असावा.” मग थबकली. “पन मंग तुमचा दाना कुठं गेला वो?”

मी पातेलं जास्तच जोरात घासायला लागलो. परराष्ट्र धोरणात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात.