चरपेकाकांचा कॉम्प्युटर उठत नाही

चरपेकाका कॉम्प्युटर चालू करायच्या आधी घरातला फ्रिज बंद करतात. मग पंखा, मग कूलर. मे महिन्यात, नागपुरात. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून खिडकीतून खालच्या मजल्यावर हाक जाते, "बाई, मिक्सर थांबव वं जरासा, मी मशीन उचलून राहिलो."

काकांची उभी हयात नरखेडकडे विहिरींवर मोटारी बसवण्यात गेली. तिथे व्होल्टेज कमी, म्हणून बाकी सगळं बंद करून मगच मोटार उचलायची, म्हणजे चालू करायची. ती सवय त्यांच्याबरोबर जरीपटक्याच्या फ्लॅटमध्ये आली. माझं काही म्हणणं नव्हतं, पण दर रविवारी घामाघूम होऊन शेजारी बसायचा मान माझा. मी त्यांच्या वर राहतो आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, एवढाच माझा गुन्हा.

"चालू होऊन नाही राहिला गा," असा फोन येतो. मी जातो, बटण दाबतो. तो चालू होतो.

"झाला की, काका."

"मोटार फिरणं अलग, पाणी येणं अलग," काका म्हणतात आणि डब्याला कान लावून बसतात.

आता याला काय म्हणावं? पडद्यावर सगळं दिसतंय, माउस फिरतोय, संत्र्याच्या बागेचे फोटोही उघडतायत. तरी हा माणूस मान हलवतो. मी धूळ काढली, रॅम पुसून बसवली, आतला सेल बदलला, वायरी बदलल्या. काकांनी आपल्या परीने नारळ फोडला. पुढच्या रविवारी फोन आहेच. माझं तर डोकंच चालेना. बायको म्हणाली, तुमच्यातच काही बिघाड असेल.

गेल्या रविवारी माझा पारा चढला. "काका, याला काहीही झालेलं नाही. मी आता येणार नाही."

काका उठले. त्यांनी फ्रिज लावला, पंखा लावला, कूलर लावला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "पहिले तो बोले गा."

"कोण?"

"हा डबा. चालू झाला की यातून तुही काकू बोले. पोरीनं मस्करीत तिचा आवाज भरून ठेवला होता. दुकानवाल्यानं फॉरमॅट मारला, तवापासून मुका आहे."

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"पोरीले काय सांगू? तुह्या मायचा आवाज मी घालवला म्हणून सांगू?"

"मग मला पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटे."

फॉरमॅट मारणारे बहुतेक वेळा डी ड्राइव्हला हात लावत नाहीत, ही एकच आशा. मी शोधत बसलो, काका माझ्या खुर्चीला धरून उभे. बागेच्या फोटोंखाली पोरीचं एक फोल्डर निघालं आणि त्यात ते रेकॉर्डिंग. ते पुन्हा जागेवर लावलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

मग मीच उठलो. फ्रिज बंद केला, पंखा, कूलर बंद केला. खिडकीतून खाली ओरडलो, "बाई, मिक्सर थांबवा जरा." आणि काकांना बटण दाबायला सांगितलं.

पडदा उजळला. क्षणभर काहीच नाही. मग काकू नेहमीच्या चढ्या आवाजात बोलल्या, "अहो, चष्मा घेतला का?"

काकांनी नाकावरचा चष्मा चाचपला.

"घेतला वं," ते म्हणाले.