बिसराम सुताराचे जहाज

"बैल समोर असते, त वळवायची फळीबी समोरच पायजे ना!" असे म्हणत बिसराम सुताराने जहाजाच्या पुढच्या टोकाला शेवटचा खिळा ठोकला आणि दोन पावले मागे सरून आपली कारागिरी पाहिली.

"पन याले बैल कोठी हाये?" तांदूळ पाखडणाऱ्या रुख्माने विचारले.

"नाही हाये, म्हनूनच त फळी लावली!"

नवऱ्याचे हे उत्तर ऐकून रुख्माने पुन्हा सूप उचलले.

देशातली पहिली निवडणूक आटोपली, त्या वर्षीची गोष्ट. हनुमान जयंतीला गावात पहिल्यांदाच मोठ्या बुवांचे कीर्तन ठरले होते. बुवांचे कार्ड आले होते, 'समुद्रावरील व्यापाऱ्याचे आख्यान लावीन. हातभर लांबीचे लाकडी जहाज करून ठेवावे. कढईत पाणी भरून त्यात सोडायचे आहे.'

बिसरामने जन्मभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि नांगर केले. समुद्राशी त्याची ओळख नव्हती. पण आजवर त्याच्या हातचे काम चिखलातच गेले होते. ते पहिल्यांदा देवापुढे जाणार होते. गोंदियाच्या एका दुकानाच्या कॅलेंडरवर जहाजाचे चित्र सापडले. चित्रात दिसले तेवढे जहाज त्याने आंब्याच्या फळ्यांतून हुबेहूब उतरवले. पाण्याखालचा भाग मात्र चित्रात नव्हता. तो त्याने बंडीच्या अनुभवावरून भरून काढला.

बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, डोंगा चालवून मासे धरणारा टेकचंद बिडी पेटवायला आला आणि जहाज पाहून थबकला.

"काऊन गा बिसराम, हे पुढं जाते का मांगं?"

"पुढं! कायले?"

"त मंग फळी तोंडावर कायले ठोकली? डोंगा मांगून वळते बापा. मासोळी शेपटीनं वळते, का मिशीनं?"

बिसरामने फळी उपटली. समोर सहा भोके राहिली. फळी मागे ठोकता ठोकता बाजूचे सांधे हलले. घंगाळात जहाज सोडले, तर उंच डोलकाठीच्या भाराने ते आडवेच झाले. त्याने काठी अर्धी कापली आणि बुडाशी नांगराच्या झिजलेल्या फाळाचा तुकडा बसवला. आता जहाज ताठ उभे राहिले, आणि तसेच ताठ उभे राहून तळाला गेले.

"लवंडलं त नाही," बिसराम म्हणाला.

नेमके त्याच वेळी देवळाचे पंच श्यामलालजी दारात उभे होते. "वारे सुतार! नामानं दगड तरते म्हन्ते, अन् तुयं लाकूड बुडून रायलं! गावाची फजिती नोको करू. मी कागदाची नाव आनतो."

हा घाव बिसरामच्या वर्मी बसला. कीर्तनाला तीन दिवस होते. जहाज काखेत मारून तो बोडीकडे निघाला. तिथे कोणाच्या तरी बंडीचे खिळखिळे झालेले चाक पाण्यात मुरत पडले होते. बिसराम चाकाकडे पाहत राहिला. मग त्याने जहाजाला दगड बांधला आणि ते त्याच पाण्यात बुडवले.

बिसरामने रागाच्या भरात जहाज बुडवले, ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली. शेजारची धुरपताबाई डोळ्यांना पदर लावून आली.

"जाऊ दे वो रुख्मा. देवाची मर्जी."

"कोनी मेलं नाही, माय! जहाज मुरून रायलं."

हनुमान जयंतीला बिसरामने जहाज वर काढले. फळ्या फुगून एकमेकींना घट्ट बिलगल्या होत्या, खिळ्यांची भोके मिटली होती. कढईत सोडले, तर आत थेंबभर पाणी शिरले नाही. श्यामलालजींनी कागदाची नाव खिशात ठेवली.

संध्याकाळी बुवा उभे राहिले. काय तो आवाज! मृदंगावर मेघ गरजले, बुवांनी कढईत हात फिरवला तशा लाटा उसळल्या. "आणि पाहता पाहता, श्रोते हो, त्या अहंकारी व्यापाऱ्याचे जहाज बुडाले!"

जहाज डुलत राहिले.

बिसराम बसल्या जागी अर्धा उठला. बुडवायचे होते! तीन दिवसांपूर्वीचेच बरोबर होते! बुवांनी हळूच बोटाने दाबले. ते उसळून वर आले. दोन्ही हातांनी दाबले, तेव्हा बुवांचे उपरणे भिजले आणि जहाज पुन्हा वर. मृदंगवाला ताल विसरला.

"बुवा, दाबू नोका," रुख्मा न राहवून बोलली, "मुरलेलं हाये ते!"

बुवांनी क्षणभर जहाजाकडे पाहिले आणि हात जोडले. "नाही बुडाले! कसे बुडेल? शेवटच्या क्षणी व्यापाऱ्याच्या ओठी नाम आले!"

मंडपात असा गजर झाला की कढईतले पाणी आपोआप हलले. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या श्यामलालजी वाजवत होते. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून बिसरामच्या गळ्यात घातला.

गजर थांबला. बुवा हसून म्हणाले, "चाळीस वर्षे हे आख्यान लावतो. दरवेळी व्यापारी समुद्रातच राहतो. आज पहिल्यांदा घरी पोचला. पुढे काय होते, ते मलाही ठाऊक नाही."

बायकांतून धुरपताबाई उठली. "इतल्या दुरून आला तो, बुवा! पयले जेवाले वाढा त्याले!"

बुवांनी चिपळ्या सावरल्या आणि आख्यानातल्या व्यापाऱ्याला पाटावर बसवले. मृदंगावर थाप पडली. पहिला घास 'हरी' म्हणत उचलला गेला, तेव्हा अख्खे गाव पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून पुढे सरकले.