सहाव्या टप्प्याचे रावसाहेब

जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेबांनी जन्मात एकच धाडस केलं, तेही फुकटच्या टी-शर्टसाठी.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून पन्नास किलोमीटरची सांघिक दौड होती. एकानं पाच किलोमीटर पळायचं आणि हातातली लाकडी दांडी पुढच्याला द्यायची. रावसाहेबांनी सहाव्या टप्प्याला नाव दिलं. टी-शर्ट घ्यायचा आणि आदल्या दिवशी कंबर धरल्याचं जाहीर करायचं, असा साधा बेत.

आदल्या दिवशी ते कंबरेवर हात ठेवून बसले, तोच बायको यादी घेऊन आली.

"अहो, सातव्या टप्प्याला कोण आहे पाहिलंत?"

"कुणी का असेना. माझी कंबर..."

"भावोजी आहेत."

रावसाहेब कंबर विसरून ताडकन उठले.

"हे तुम्हा दोघी जावांचं कारस्थान!"

"तुमचं नाव तुम्हीच घातलंत. त्यांचं तिनं घातलं. मी फक्त फोनवर टप्पा सांगितला."

अकरा महिने भावाभावांत एक शब्द नव्हता. (जावा रोज तासभर बोलून भरपाई करत.) आई इस्पितळात असताना शाळेची बस चालवणाऱ्या धाकट्यानं रजा काढली आणि नऊ दिवस तिच्या उशाशी काढले. शेवटच्या दुपारी पाळी रावसाहेबांची होती. ते पोचलेच नाहीत. आई गेली. पुढे तिची नोंद रावसाहेबांनाच करावी लागली. वेळेचा रकाना रिकामा राहिला, म्हणून त्यांनी धाकट्याला फोन केला.

"किती वाजता?"

"चार वाजून दहा. तू असतास तर विचारावं लागलं नसतं."

तो त्यांचा शेवटचा संवाद.

रविवारी सकाळी रावसाहेब पळाले. म्हणजे दोनशे पावलं पळाले, मग नुसते हलत राहिले. बाबागाडी ढकलणारी एक बाई त्यांना मागे टाकून गेली आणि वर "सावकाश हं" म्हणाली. दांडी पुढे करायची आणि तोंड फिरवायचं, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पंक्चरच्या दुकानासमोर बाकीच्या संघांचे सातवे कधीच निघून गेले होते. हाताची घडी घालून एकटा धाकटा उभा होता.

"उशीर केलास," तो म्हणाला.

रावसाहेब फुटपाथवर बसले. धाप लागली की माणसाला ठरवलेलं पाळता येत नाही.

"मी आलो होतो रे. त्या दिवशी. साडेतीनलाच आलो होतो. खाली फाटकाशी बसून राहिलो. वर यायला पाय उचलेनात. वाटलं, मी वर गेलो नाही, तर ती थांबेल."

धाकट्यानं हाताची घडी सोडली. "मला वाटलं, घरी झोपून राहिलास."

"झोपलो म्हणणं सोपं होतं."

धाकटा शेजारी टेकला. "तुलाच विचारत होती."

"काय सांगितलंस?"

"दादा जिन्यात आहे म्हटलं. तेव्हा डोळे मिटले तिनं."

रावसाहेब रडले. फुकटच्या टी-शर्टाचा अखेर उपयोग झाला. धाकट्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तोही रडायला लागला.

गळ्यात शिट्टी अडकवलेल्या स्वयंसेविकेनं थोडा वेळ वाट पाहिली. "काका, रडून झालं असेल तर कुणीतरी पळता का? पुढचे खोळंबलेत."

धाकटा डोळे पुसत उठला आणि धूम पळाला. वळणाआड दिसेनासा होईतो रावसाहेब बघत बसले. अकरा महिन्यांत छाती एवढी हलकी झाली नव्हती.

अर्ध्या तासानं फोन वाजला. पडद्यावर धाकट्याचं नाव. रावसाहेबांनी घाईनं फोन कानाला लावला.

"दादा..."

"बोल रे, बोल!"

"दांडी तुझ्याच हातात आहे का?"

रावसाहेबांनी मूठ उघडून पाहिली. "आहे."

"मग पळत घेऊन ये. आठव्या टप्प्याच्या बाई दांडीशिवाय जागच्या हलत नाहीत. आणि रिक्षा चालणार नाही म्हणतात."