धुण्याचा सोडा आणि मथुराबाईसाहेबांची छबी

॥ श्री तिमिरनाथ प्रसन्न, लाल दिवा साक्ष ॥

शके १९३५, विजयनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयींची हकीकत. संवत्सराचे नाव विजय आणि हकीकत पराजयाची; नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ऐसा प्रकार. त्यास सहा वर्षे लोटली आणि वामनराव स्वामी कैलासवासी जाहले, आणि तेराव्याच्या पंगतीत त्यांच्या कन्या चारुशीलाबाई यांणी भरल्या पानावरून उठोन सवाल केला की, "बाबांनी बक्षिसासाठी माझ्या आईचं तोंड काळं केलं. का केलं, ते सांगेल का कुणी मला?" त्या समयी सर्वांनी माना खाली घालोन वरणभात कालविला. सबब त्या सवालाचे उत्तर येथे साद्यंत लिहिले आहे.

स्वामींचे राज्य फोटोग्राफीचे, आणि म्हणावे तर तीन खोल्यांचे. पुढे दिवाणखाना, तेथे पडदा आणि खुर्ची, मधे मुदपाकखाना, आणि मागे अंधारकोठी, तीच राजधानी. तेथे लाल दिव्याखेरीज दुसऱ्या उजेडास मज्जाव, आणि रोल धुताना तोही बंद. स्वामी तेथे बैसोन रोल धुवीत, आणि पंचक्रोशीतील लग्ने, मुंजी, शाळांचे वर्ग आणि पेन्शनीत निघालेले मास्तर त्यांच्या हातून कागदावर उतरत. स्वामींचा बाणा ऐसा की, काळा आणि पांढरा हेच दोन रंग खरे, बाकी सारी रंगपंचमी. पदरी एक कारभारी होता, तो छब्यांवरील डाग बारीक कुंचल्याने मिटवी आणि पडेल ते काम करी. ऐसी तीस वर्षे सुखाने गेली आणि मग गनीम आला. गनीम कैसा, तर तळहातात मावेल येवढा आणि ज्याच्या त्याच्या खिशात. तो दिवसास शंभर छब्या काढी आणि एकही धूत नसे. मग लोक फिरले, आणि रोल धुण्याच्या औषधाच्या तयार पुड्या विलायतेहून येत त्या कमी जाहल्या, आणि मग येणेच राहिल्या. स्वामींनी शहरोशहरी जासूद धाडिले, म्हणजे फोन केले. एक दुकानदार बोलिला, "काका, कुठल्या जमान्यात आहात? पुड्या गेल्या, मागणारेही गेले. मेमरी कार्ड देऊ का एखादं?" स्वामींनी फोन ठेविला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

परंतु रसद तुटली म्हणोन किल्ला खाली करणारे स्वामी नव्हेत. त्यांणी जुनी वही काढिली आणि औषध घरीच घडविण्याचा निश्चय केला. औषधाचे मानकरी पाच: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, ब्रोमाइड आणि धुण्याचा सोडा. चौघे बड्या घरचे, ते शहरातील पेढीवरून टपालाने येत. पाचवा सोडा गरीब, तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानी मिळे. मानपान मोठे कडक. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सल्फाइट. हा क्रम चुकला की मेटॉल रुसे आणि काही केल्या पाण्यात विरघळेना. स्वामी म्हणत, "व्याह्याचं रुसणं परवडलं, याचं नको." सोडा मागाहून येई, परंतु त्याजवाचून बाकीचे सारे सुस्त, तो आला की कामास लागत. या सोड्याचे खाते स्वामींच्या पत्नी मथुराबाईसाहेब यांजकडे. त्याच तो आणीत, आणि त्याच सोनाराच्या काट्यावर पाचही जिन्नस तोलीत आणि बोलत, "भाजीत मीठ अंदाजानं चालतं हो, तुमच्या या काढ्यात नाही चालत." ऐसे अकरा काढे उतरले आणि अकराही उत्तम. रोल बुडविण्यापूर्वी फिल्मचा एक टाकाऊ तुकडा औषधात घालावा, आणि तो काळा पडला तरच औषध खरे मानावे, ऐसा राज्याचा नेम होता.

आता दिव्याखाली अंधार कैसा तो ऐकावा. साऱ्या पंचक्रोशीच्या छब्या या घरातून गेल्या, आणि घरच्या बाईची एक नाही. लग्नातील एक होती तीस वाळवी लागली. स्वामींनी यंत्र उचलिले की बाईसाहेब पदराआड होत आणि म्हणत, "माझं कसलं डोंबलाचं चित्र काढताय? रोल वाया जाईल." स्वामींसही ते सोयीचे पडे, आज नाही तर उद्या काढू, ऐसे म्हणता म्हणता तीस वर्षे गेली. मग त्या साली आश्विनात बाईसाहेबांस दुखणे जाहले, आणि इस्पितळात जावयाच्या आदले दिवशी त्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीपुढे उभ्या राहिल्या आणि आपण होऊन बोलिल्या, "काढा एकदा. पण उन्हाकडे तोंड नको हं, डोळे दिपतात." स्वामींनी तीन छब्या काढिल्या. तिसऱ्या वेळी त्या हासल्या, ऐसे स्वामी सांगत. रोल यंत्रातच राहिला, आणि बाईसाहेब इस्पितळातून परत आल्या नाहीत.

महिना लोटला आणि एके सकाळी स्वामी बोलिले, "आज तिचा रोल धुवू." काढा करू गेले तो सोड्याचा डबा रिकामा. मग कारभारी जन्मात प्रथमच सोडा आणावयास गेला. दुकानी नवी सून गल्ल्यावर बैसली होती. कारभारी बोलिला, "सोडा द्या पाव किलो. रोलसाठी हवाय." तीस काय ठाऊक की जगात रोल धुतात, तिच्या लेखी रोल म्हणजे कोबी आणि गाजर भरोन तळतात तो. तिने खायचा सोडा कागदात बांधोन दिला. दोन्ही सोडे आणि दोन्ही पांढरे, परंतु धुण्याचा सोडा औषधास जागवितो आणि खायचा सोडा भजी फुगवितो, हे अंतर कागदावरून कळत नाही. मग भर दुपारी औषध सिद्ध जाहले, आणि स्वामींनी कोठीत शिरता शिरता पुसिले, "तुकडा तपासलात ना?" कारभारी बोलिला, "तपासला." आणि तपासला नव्हता. तुकड्यांची डबी रिकामी होती, नव्या रोलाचा तुकडा कापावयाचा आळस आला, आणि अकरा वेळा खरे ठरलेले औषध बाराव्या वेळी काय दगा देते, ऐसा गर्व जाहला. मग रोल औषधात गेला, आणि मग पाण्यात, आणि मग हायपोत. हायपो एकदा लागला की जे उमटले ते राहते आणि जे उमटले नाही ते कायमचे धुवोन जाते, मग ब्रह्मदेव आला तरी इलाज नाही. रोल उजेडात धरिला तो चादर उमटली होती, कारण तीवर ऊन होते. आणि बाईसाहेब सावलीत होत्या, त्या उमटल्या नाहीत. रोलावर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते, ते उलटे करोन वाचिले तो तिन्ही छब्यांत पांढरी चादर, आणि तीपुढे माणसाच्या आकाराचा नुसता काळोख. मग स्वामींनी उरल्या सोड्याची चिमूट जिभेवर ठेविली आणि बोलिले, "हा भज्यांचा आहे."

स्वामींनी तिसरी छबी कागदावर घेऊन भिंतीस लाविली. मग कोणी शहरचा जाणता आला आणि ती पाहोन थक्क जाहला आणि प्रदर्शनात घेऊन गेला, आणि तीस पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक बोलिले, "चेहरा नाकारण्याचं काय धाडस आहे!" तीस वर्षे चेहरे काढिले तेव्हां कोणी हार घातला नाही, आणि चेहरा गेला तेव्हां शाल मिळाली. मग चारुशीलाबाई माहेरी आल्या आणि पुसू लागल्या, "बाबा, आईचा चेहरा कुठाय?" कारभारी तेथेच चहा पीत बैसला होता. स्वामींनी त्याजकडे एकवार पाहिले आणि लेकीस बोलिले, "मुद्दाम तसं काढलं." बाई उठोन गेल्या, आणि त्याउपरी सहा वर्षे या दारात पाऊल ठेविले नाही. स्वामींनी त्यानंतर औषध केले नाही आणि काटा सोनारास परत दिला. शेवटच्या दुखण्यात त्यांणी कारभाऱ्यास जवळ बोलाविले आणि म्हणाले, "डबीतले तुकडे मीच संपवले होते. तुम्ही तपासलं नाहीत, ते मला ठाऊक होतं. तरी विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात, बरं वाटलं. तिला बघायची घाई झाली होती हो. पोरीला यातलं काही सांगू नका, तुम्हाला टाकून बोलेल."

एकूण हकीकत इतकी. पुड्या गेल्या त्यास इलाज सापडला होता, बाई गेली त्यास सापडला नाही. स्वामींची आज्ञा होती की सांगू नये, ती आज मोडिली आहे. सरळ भाषेत लिहू बैसलो तो पहिल्याच ओळीस हात अडला, म्हणोन या दरबारी भाषेचा आडोसा केला. तो आता काढतो. चारूताई, तो कारभारी मी. आईचं तोंड तुमच्या वडिलांनी काळं केलं नाही, माझ्या हातून झालं. सहा वर्षं तुमचा अबोला त्यांनी सोसला, आणि मी तो त्यांना सोसू दिला.