क्विरिनचं आढं कुणी चोरेना

"माझं आढं? चोरून दाखवावं कुणीही! चोराच्या कमरेचा टाका ढिला झाला नाही, तर क्विरिन नाव लावणार नाही!"

भर खानावळीत, अख्ख्या गावासमोर हे बोलायची काही गरज होती का? मुळीच नव्हती. पण बिअरचा तिसरा मग रिकामा झाला की क्विरिनच्या जिभेवर क्विरिनचं काही चालत नसे.

आमच्या डोंगरात घर बांधा, गोठा बांधा, नाहीतर कोंबड्यांचं खुराडं बांधा, छप्पर चढायच्या आधी आढं चोरीला जायचंच! छपराच्या शेंड्यावर बसणारं ते लांबलचक लाकूड गावकरी गुपचूप पळवतात. मालक उठून बघतो, 'चोरी! चोरी!' म्हणून बोंब ठोकतो. मग ते हार घालून वाजतगाजत परत आणतात, सगळे मिळून छप्पर चढवून देतात, आणि मालक सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. चोर लाकडासकट सापडला तर मात्र उलटं. जेवण चोरानं घालायचं.

क्विरिनला नेमकी ती जेवणावळ सलत होती. तो कंजूष नव्हता हो, पण सॉसेज कापताना त्याचा हात थरथरायचा एवढं खरं. त्यातून घरजावई. डोंगरापलीकडून येऊन सासऱ्यांची शेती बघायला लागल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी गावात त्याचं नाव 'पलीकडचा' असंच होतं. मागल्या हिवाळ्यात बर्फानं जुन्या गोठ्याचं छप्पर बसलं, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, असा गोठा बांधीन की गाव तोंडात बोट घालेल!

वेंडेलिन मेस्त्री छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्यांचे छोटे नमुने घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसला.

"ही फळ्यांची कैची. हलकी, स्वस्त. तुझ्या गोठ्याला चालेल. ही जरा जाड, मधे खांब असलेली. बर्फाला उत्तम. मी हीच घेतली असती."

"आणि ती?" क्विरिननं पिशवीतून डोकावणाऱ्या तिसऱ्या नमुन्याकडे बोट केलं.

"ती आपली शोभेला आणली. ओकच्या अख्ख्या तुळया, माझ्या मांडीपेक्षा जाड. आपल्या चर्चवर तसल्या आहेत."

"हिच्यावर आढं केवढं लागेल?"

"लार्चच्या झाडाचं अख्खं खोड. दहाबारा गडी लागतील नुसतं हलवायला."

क्विरिनचे डोळे लकाकले. "दहाबारा? मग हीच कैची!"

"अरे, आपण गाई बांधणार आहोत की हत्ती?" त्याची बायको बुर्गी चुलीपाशी होती, ती तिथूनच ओरडली.

कोपऱ्यात पाइप ओढत बसलेले सासरे, म्हातारे लिओनहार्ड, हळूच म्हणाले, "जावईबापू, कैची छपरासाठी निवडतात. चोरांसाठी नव्हे."

पण ऐकतो कोण! ओकच्या कैच्या तयार झाल्या आणि अंगणात आडव्या पडल्या. आढंही आलं, लालबुंद आणि घसघशीत. क्विरिननं त्यावर ताडपत्री गुंडाळली, ताडपत्रीवर साखळी आवळली, साखळीला कुलूप लावलं आणि चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर अडकवून दिली. त्यानंतरच तो खानावळीत जाऊन ते वर सांगितलेलं भाषण ठोकून आला.

आणि काय आश्चर्य! कुणी आलंच नाही.

पहिल्या सकाळी क्विरिननं साखळी बघितली आणि खूश झाला. दुसऱ्या सकाळीही खूश. तिसऱ्या सकाळी मात्र कैच्या उचलायला बोलावलेल्या क्रेनवाल्याचा फोन आला. "तुमच्या गावचा लाकडी पूल बघून आलो. तो माझंच वजन पेलेना, क्रेनचं कुठून पेलणार?"

"मग कैच्या चढवायच्या कशा?" क्विरिननं मेस्त्रीला विचारलं.

"पूर्वी चढवायचे तशा. माणसं बोलव."

आता आली का पंचाईत! कापलेलं गवत वाळून तयार, ते ठेवायला छप्पर नाही, डोंगरामागे ढग जमायला लागलेले. गवत भिजलं की कुजलं, आणि मग हिवाळाभर गाईंना काय भाषण खायला घालायचं? क्विरिन धावत शेजारी कास्परकडे गेला. कास्पर म्हणजे गावच्या आगीच्या बंबाचा म्होरक्या. त्यानं हाक मारली की वीसतीस गडी सहज उभे राहत.

"कास्पर, सोमवारी जरा हात लावायला येता का सगळे?"

कास्परनं दोन्ही हात कमरेवर ठेवून कण्हल्यासारखं केलं. "आमच्या कमरा रे, पलीकडच्या! तूच म्हणालास ना, टाका ढिला होईल?"

पुढच्या दारी तेच. त्यापुढच्या दारीही तेच. जो तो कमरेला हात लावून कण्हतोय, आणि क्विरिनला वाटलं, हे आपल्याला हसतायत! घरी येऊन क्विरिन मटकन बसला, तर तिथे सासरेबुवा तयारच होते.

"माझं आढं चोरायला दोन गावांत हाणामारी झाली होती, जावईबापू. आणि तुमच्या आढ्याकडे कुत्रंही फिरकत नाही!"

हे मात्र लागलं. खोलवर लागलं. गावात शेळीवाल्या म्हातारीच्या शेडचंसुद्धा आढं चोरीला गेलं होतं, शेड केवढी, तर चार शेळ्यांची! आणि आपलं कुणाला नको. आपण जन्मभर पलीकडचेच राहणार!

शेवटी त्यानं हट्ट सोडला आणि ताडपत्रीवर बिअरचा एक क्रेट ठेवला, उघड उघड आमंत्रण! सकाळी बघतो तर बाटल्या सगळ्या रिकाम्या, पुन्हा क्रेटमध्ये नीट लावून ठेवलेल्या. ताडपत्री जागच्या जागी!

"बिअर चोरतात, आढं चोरत नाहीत! काय माणसं आहेत ही!"

 बुर्गी खाली मान घालून पीठ मळत राहिली.

रविवार उजाडला आणि क्विरिनला पोटात कळ आली. खोटी. "तुम्ही जा चर्चला, मी पडतो जरा," म्हणाला. घरचे वळणाआड जाताच टुणकन उठला. बेत साधा होता. गाव प्रार्थनेत असताना आपलंच आढं आपण पळवायचं, नदीकाठी टाकायचं आणि चर्चच्या दारात येऊन बोंब ठोकायची. गावाला वाटेल शेजारच्या गावानं नेलं. मग अब्रू वाचेल, चार माणसं जमतील, गवतही वाचेल.

त्यानं ताडपत्रीसकट लाकूड ट्रॅक्टरनं उचललं. अलगद उचललं गेलं! "दहाबारा गडी म्हणे! मेस्त्री उगाच फुगवून सांगतो," असं पुटपुटत त्यानं ते मागच्या गाड्यावर लादलं आणि निघाला.

उतारापर्यंत सगळं ठीक होतं. पण कास्परच्या घरापाशी रस्ता वळतो आणि लांब लाकूड काही वळत नाही, हे मेस्त्रीला ठाऊक असतं, चोराला नसतं! शेपूट गेलं कास्परच्या कुंपणात, तोंड अडकलं चर्चच्या भिंतीला. क्विरिननं ट्रॅक्टर मागे घेतला, तर कुंपण आलं. पुढे घेतला, तर भिंत कुरकुरली. आणि तेवढ्यात डोक्यावर घंटा वाजायला लागली. प्रार्थना संपली होती!

घाबरून त्यानं जोरात रेटलं.

खाडकन!

आढं मधोमध मोडलं. चर्चचं दार उघडलं. फादर, बुर्गी, सासरे, कास्पर, मेस्त्री आणि त्यांच्यामागे उरलेलं गाव, सगळे पायऱ्यांवर उभे. समोर रविवारच्या कपड्यांऐवजी पायजम्यात क्विरिन, आणि फाटक्या ताडपत्रीतून मुंग्यांची रांग बाहेर पडतेय.

क्विरिनला ना लोक दिसले, ना मुंग्या. तो रस्त्यातच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. "मोडलं हो! माझं आढं मोडलं! आता कैच्यांवर काय टाकू? गवत गेलं, गोठा गेला, आणि तुम्हाला तर मी कधी नकोच होतो!"

 मेस्त्री पुढे आला आणि तुकडा हातात घेऊन बघत म्हणाला, "अरे, लार्च कुठलं? हे फरचं लाकूड आहे. आतून पोकळ!"

"माझ्या गोठ्यामागचा कुजका ओंडका आहे तो, गंमत म्हणून तुझ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला," कास्पर म्हणाला. "आणि तुझं आढं आमच्या बंबाच्या शेडमध्ये पडलंय. तू खानावळीत भाषण देत होतास ना, तेव्हाच नेलं!"

"काय? मग सांगितलं का नाही?"

"चोरानं सांगायचं असतं होय रे? मालकानं बोंब ठोकायची असते! आम्ही रोज कान लावून बसतोय, हा आज ओरडेल, उद्या ओरडेल. आणि तू बिअर ठेवतोस! छान होती हं बिअर."

"पण सोमवारसाठी बोलावलं, तर कमरेला हात लावून हसलात!"

"हसतोय कोण? सोळा जण लागले उचलायला! दोघांच्या कमरा अजून शेकतोय. कसलं ते धूड निवडलंयस रे बाबा!"

क्विरिनच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच थबकलं. "आणि कुलूप? चावी कुणी दिली?"

सगळ्या गावानं बुर्गीकडे पाहिलं.

"मी नाही दिली," बुर्गी मान ताठ करून म्हणाली. "मी फक्त खिळा दाखवला."

क्विरिन उठला, नाक पुसलं आणि छाती भरून ओरडला, "चोरी! माझं आढं चोरलं होSS!" एवढ्या आनंदानं लुटला गेलेला माणूस आम्ही आजवर पाहिला नाही. बंबाची शेड उघडली, बँड वाजला, हार घातलेलं आढं बाहेर आलं.

"थांबा!" फादरनी हात वर केला. "न्याय तो न्याय. आढं चोरीला गेलं आणि मालकाला पत्ता नाही. एक जेवण क्विरिनकडे."

"कबूल, फादर! आनंदानं!"

"आता हे दुसरं लाकूड. कुणाचं?"

"कास्परचं," गाव एका सुरात ओरडलं.

"नेलं कुणी?"

"पलीकडच्यानं!"

"पकडला कुठे?"

"कास्परच्या कुंपणात!"

"चोर लाकडासकट सापडला. दुसरं जेवण, तेही क्विरिनकडे."

सोमवारी 'हैSSSस' म्हणत सगळ्या कैच्या चढल्या. मेस्त्रीनं रिवाजाप्रमाणे आढ्यावर फरचं रोपटं ठोकलं आणि पाऊस येण्याआधी गवत आत आलं. क्विरिननं दोन्ही जेवणं एकदमच घातली. सॉसेज कापताना त्या दिवशी त्याचा हात थरथरला नाही, म्हणजे थोडासाच थरथरला.

जेवताना कास्पर त्याच्या कानाशी लागला. "पुढच्या महिन्यात गिरणीवाला शेड बांधतोय. आढं पळवायचंय. क्विरिन, तुझ्याशिवाय जमायचं नाही!"

क्विरिनची छाती फुगली. कास्पर आपल्याला 'पलीकडचा' नाही, 'क्विरिन' म्हणाला! "मी? मला घेणार तुम्ही?"

"म्हणजे, तुझा ट्रॅक्टर घेणार. तू आपला घरीच थांब. चावी कुठे असते?"

क्विरिननं तोंड उघडायच्या आत पलीकडून बुर्गी म्हणाली, "त्याच खिळ्यावर!"